मार्टिन मार्प्रेलेट आणि एलिझाबेथकालीन पुस्तिकायुद्ध (१५८८–१५८९)

सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये धर्मसंस्थेची घटना हा राजसत्तेच्या अखत्यारीतील विषय होता. त्याविषयी निर्णय करण्याचा अधिकार राणीचा, तिने नेमलेल्या बिशपांचा आणि मर्यादित अर्थाने पार्लमेंटचा मानला जाई. विद्यापीठांतील पंडितांना त्यावर वाद करता येत असे. परंतु तो वाद पंडितांच्या परिभाषेत व्हावा आणि पंडितांतच राहावा, अशी अपेक्षा होती. इ. स. १५८८ च्या ऑक्टोबरपासून १५८९ च्या सप्टेंबरपर्यंत ‘मार्टिन मार्प्रेलेट’ या टोपणनावाने आणि त्याच्या काल्पनिक पुत्रांच्या नावाने जे गुप्त लेखन छापले गेले, त्याने ही मर्यादा ओलांडली. ‘प्रेलेट’ म्हणजे उच्च धर्माधिकारी. ‘मार्प्रेलेट’ म्हणजे त्याची वाट लावणारा. या नावाखाली निघालेली सात मुद्रिते आज उपलब्ध आहेत : सहा पुस्तिका आणि एक एकपानी पत्रक.

या प्रकरणाचे मूल्यमापन सामान्यतः दोन प्रकारे झाले आहे. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्यात इंग्रजी उपरोधिक गद्याचा उगम पाहिला. विचारस्वातंत्र्याच्या इतिहासकारांनी मार्टिनला मुद्रणस्वातंत्र्याचा अग्रदूत ठरविले. यांपैकी पहिले मत खरे, पण अपुरे आहे. दुसरे मत मात्र तपासून घेतले पाहिजे. कारण सर्वांना छापण्याचे स्वातंत्र्य असावे, अशी मागणी मार्टिनने कोठेही केलेली नाही. त्याने बदलली ती वादाची पद्धत. त्या पद्धतीमुळे निर्णयाचा अधिकार सामान्य वाचकाकडे सरकला, आणि विशेष म्हणजे त्याला दडपू पाहणाऱ्या बिशपांनाही त्याच वाचकापुढे उभे राहावे लागले.

१. वादाची पार्श्वभूमी

इ. स. १५५९ च्या धर्मव्यवस्थेने इंग्लंडचे चर्च पोपच्या सत्तेतून पुन्हा मुक्त झाले. तथापि आर्चबिशप, बिशप, डीन ही जुनी अधिकारपरंपरा कायम राहिली. धर्मसुधारणा अर्धवट राहिली असे मानणाऱ्या प्यूरिटन पक्षाला हे मान्य नव्हते. त्यांतील प्रेस्बिटेरियन गटाचे म्हणणे असे की, चर्चची शासनपद्धती बायबलच्या नव्या करारातच सांगितलेली आहे. तीत सर्व धर्मोपदेशक समान दर्जाचे असून कारभार त्यांच्या आणि वडीलधाऱ्या प्रतिनिधींच्या सभांनी चालवायचा आहे. अर्थात बिशपपद हे शास्त्रबाह्य ठरते. केंब्रिज येथील प्राध्यापक टॉमस कार्टराइट याला अशाच मतांसाठी १५७० मध्ये आपले अध्यासन गमवावे लागले. १५७२ मध्ये जॉन फील्ड व टॉमस विल्कॉक्स यांनी पार्लमेंटला उद्देशून एक ‘अ‍ॅडमनिशन’ प्रसिद्ध केले आणि दोघेही तुरुंगात गेले. त्यावर जॉन व्हिटगिफ्टने उत्तर लिहिले, कार्टराइटने प्रत्युत्तर दिले, आणि जाडजूड ग्रंथांची एक मालिकाच सुरू झाली.

हाच व्हिटगिफ्ट १५८३ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि त्याने सर्व धर्मोपदेशकांकडून तीन कलमांवर सही मागितली. १५८६ च्या जून महिन्यात स्टार चेंबर या न्यायपीठाने मुद्रणाविषयी कडक आज्ञा काढली. तिच्यानुसार लंडनखेरीज केवळ ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांना एकेक मुद्रणयंत्र ठेवण्याची मुभा राहिली, आणि ग्रंथांना परवानगी देण्याचा अधिकार कँटरबरीचा आर्चबिशप व लंडनचा बिशप यांच्याकडे गेला. म्हणजे ज्यांच्या पदाविषयी वाद, त्यांच्याच हाती त्या वादाची किल्ली आली. शिक्षेचे उदाहरणही लोकांच्या स्मरणात ताजे होते. राणीच्या नियोजित फ्रेंच विवाहाविरुद्ध १५७९ मध्ये पुस्तिका लिहिणाऱ्या जॉन स्टब्जचा उजवा हात भर चौकात तोडण्यात आला होता.

इ. स. १५८८ च्या उन्हाळ्यात स्पॅनिश आरमाराचा पराभव झाला. त्याच वर्षी प्यूरिटनांचा संघटक फील्ड आणि त्यांचा दरबारातील आश्रयदाता लेस्टरचा अर्ल हे दोघेही मृत्यू पावले. पार्लमेंटमधील प्रयत्न तर १५८७ मध्येच फसले होते. पंडिती ग्रंथ, अर्ज, पार्लमेंटमधील ठराव हे सर्व मार्ग खुंटले असता मार्टिनचा आवाज उठला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

२. फिरता छापखाना

१५८८ च्या एप्रिलमध्ये लंडनचा मुद्रक रॉबर्ट वॉल्डग्रेव्ह याच्या छापखान्यावर धाड पडली. किंग्स्टनचा धर्मोपदेशक जॉन यूडल याची बिशपविरोधी संवादपुस्तिका त्याने छापली होती. त्याचे यंत्र मोडून टाकण्याचा हुकूम झाला. उपजीविकेचे साधन गेलेला हा कुशल कारागीर आणि जॉन पेन्री हा वेल्समधील तरुण विद्वान हे दोघे एकत्र आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, टेम्स नदीकाठच्या ईस्ट मोल्झी येथे श्रीमती एलिझाबेथ क्रेन यांच्या घरी ‘एपिसल’ ही पहिली पुस्तिका छापली गेली. सॅलिसबरीचा डीन जॉन ब्रिजेस याने चर्चच्या शासनाच्या समर्थनार्थ १५८७ मध्ये सुमारे चौदाशे पृष्ठांचा ग्रंथ लिहिला होता, त्याला ही पुस्तिका नावाला उत्तर होती. मुखपृष्ठावर ती समुद्रापलीकडे छापल्याची थाप होती. प्रत्यक्षात नदीच्या पलीकडच्या तीरावर राणीचा हॅम्प्टन कोर्ट राजवाडा होता.

यानंतर छापखाना सतत फिरत राहिला. नॉर्दॅम्प्टनशरमध्ये सर रिचर्ड नाइटली याच्या फॉस्ली येथील वाड्यात ‘एपिटोम’ छापले गेले. कव्हेंट्री येथे जॉन हेल्सच्या घरात पत्रक व ‘हे एनी वर्क फॉर कूपर’ ही पुस्तिका तयार झाली. तेथून वॉल्डग्रेव्हने काम सोडले व त्याची जागा जॉन हॉजकिन्स याने घेतली. रॉजर विग्स्टनच्या वुल्स्टन येथील वास्तूत १५८९ च्या जुलैमध्ये ‘मार्टिन ज्युनियर’ व ‘मार्टिन सीनियर’ या काल्पनिक पुत्रांच्या नावाने दोन पुस्तिका निघाल्या. प्रतींच्या वाटपाचे काम हम्फ्री न्यूमन या चांभाराकडे होते. बांधणीचे काम नॉर्दॅम्प्टनचा हेन्री शार्प करी. त्याच्याच पुढील जबानीवरून या प्रकरणाचा बराचसा तपशील इतिहासाला उपलब्ध झाला आहे.

या कामात जमीनदार, त्यांच्या गृहिणी, धर्मोपदेशक, मुद्रक, चांभार आणि पुस्तकबांधणीदार असे समाजाच्या भिन्न थरांतील लोक गुंतले होते. पण गुप्तता अशी की, छापणाऱ्यालाही लेखक कोण हे कळू नये. हॉजकिन्स वॉरिकशरमधील जॉब थ्रॉकमॉर्टन याच्या घरापासून निघाला असता त्याला वाटेवर पडलेली कागदांची एक गुंडाळी सापडली. पुढील पुस्तिकेच्या हस्तलिखिताचा तो भाग होता. ती तेथे कोणी ठेवली हे विचारण्याचे कारण नव्हते.

शेवट अपघाताने झाला. हॉजकिन्स आपले साहित्य घेऊन उत्तरेकडे चालला असता वॉरिंग्टन येथे गाडीतून उतरविताना काही खिळे जमिनीवर सांडले. ही बंदुकीची छर्रे आहेत, असे सांगून त्याने बघ्यांची समजूत घातली. पण थोड्याच दिवसांत, १५८९ च्या ऑगस्टमध्ये, मँचेस्टरजवळ नवी पुस्तिका छापत असताना डर्बीच्या अर्लच्या माणसांनी त्याला व त्याच्या दोघा साहाय्यकांना पकडले. त्यांना लंडनला नेऊन यातना देऊन चौकशी करण्यास प्रिव्ही कौन्सिलने मुभा दिली. तरीही सप्टेंबरमध्ये ‘प्रोटेस्टेशन’ ही शेवटची पुस्तिका निघालीच. तिच्या आरंभीच्या पृष्ठांचे खिळे अननुभवी हातांनी जुळविलेले दिसतात. माणसे तुरुंगात असताना उरलेल्यांनी ते काम कसेबसे पुढे रेटले, याची ती पृष्ठे साक्ष देतात.

३. मार्टिनची पद्धत

मार्टिनचे सिद्धांत नवे नव्हते. बिशपपद शास्त्रबाह्य आहे, हे कार्टराइटने अधिक विस्ताराने आणि अधिक प्रमाणांसह मांडले होते. नवी होती ती मांडणी. मार्टिन ग्रामीण विदूषकाच्या बोलीत बोलतो, मध्येच हसतो, श्वास घेण्यासाठी थांबतो, स्वतःशीच भांडतो. समासात एखादा आगंतुक वाचक त्याला टोकतो आणि मार्टिन त्यालाही उत्तर देतो. डीन ब्रिजेसच्या लांबलचक वाक्यांत श्वास कोठे घ्यावा, अशी तो पृच्छा करतो. हा सर्व थाट रंगभूमीवरील विनोदी नटाचा होता, आणि तो वाचणाऱ्यापेक्षाही ऐकणाऱ्याला अधिक परिचित होता.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याने पदाचा वाद पदस्थ माणसांवर आणला. लंडनचा बिशप जॉन एल्मर याने रंगाऱ्यांचे चोरीस गेलेले कापड हाती आल्यावर परत दिले नाही, फुलम येथील झाडे तोडून विकली, रविवारी तो चेंडू खेळतो, अशा गोष्टी त्याने नावानिशी छापल्या. त्यांत ऐकीव भाग पुष्कळ होता आणि अतिशयोक्तीही होती. परंतु एल्मरवरचा सर्वांत वर्मी आघात ऐकीव नव्हता. तरुणपणी, १५५९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात एल्मरनेच बिशपांच्या श्रीमंतीवर टीका केली होती. मार्टिनने तो उतारा शोधून बिशपापुढे ठेवला. ज्याची साक्ष काढली तो साक्षीदार आणि आरोपी एकच होता.

याच प्रकारे मार्टिनने प्रतिपक्षाच्या मुद्रिताचाही पुरावा केला. विंचेस्टरचा बिशप टॉमस कूपर याने १५८९ च्या जानेवारीत ‘अ‍ॅडमनिशन टु द पीपल ऑफ इंग्लंड’ हे उत्तर प्रसिद्ध केले. त्यातील काही शब्द छापून झाल्यावर बदलावेसे वाटले, म्हणून त्यांवर छापील चिठ्ठ्या चिकटविण्यात आल्या. मार्टिनने चिठ्ठीखालचा आणि चिठ्ठीवरचा, असे दोन्ही पाठ वाचकांना दाखविले. बिशपांचा आत्मविश्वास कोठे डळमळला हे त्यावरून कोणालाही समजण्याजोगे होते. उत्तराचे नावही त्याने कूपरच्या नावावरून घेतले. ‘कूपर’ म्हणजे लाकडी पिंपे बांधणारा कारागीर. ‘कूपरला काही काम आहे का’, ही लंडनच्या गल्लीतील फिरत्या कारागिरांची आरोळी होती. लॅटिन-इंग्रजी कोशाचा कर्ता म्हणून ख्यातनाम असलेल्या विद्वान बिशपाला त्याने एका शब्दात रस्त्यावर आणून बसविले.

४. बिशपांचे उत्तर आणि त्यातील पेच

बिशपांचा पेच कूपरच्या ग्रंथाच्या शीर्षकातच उघड होतो. धर्मशासनाविषयी निर्णय करणे हे सामान्य जनांचे काम नाही, असे सांगणाऱ्या पक्षाचा हा ग्रंथ इंग्लंडच्या जनतेला उद्देशून लिहिला आहे. एल्मरवरील आरोपांची कलमवार उत्तरे त्याने त्याच जनतेपुढे दिली. आरोप खोटे असतील. पण त्यांना उत्तर देताच वाचक हा न्यायाधीश झाला. गंभीरपणे लिहावे तर थट्टेपुढे निभाव लागत नाही. गप्प बसावे तर आरोप मान्य केल्यासारखे होते. फेब्रुवारी १५८९ मध्ये रिचर्ड बँक्रॉफ्टने सेंट पॉलच्या प्रांगणातील व्यासपीठावरून प्यूरिटनांवर घणाघाती प्रवचन केले, आणि त्याच महिन्यात असे ग्रंथ बाळगण्याविरुद्ध राजाज्ञा निघाली. त्यानेही पुस्तिका थांबल्या नाहीत.

तेव्हा वेगळा उपाय योजण्यात आला. मार्टिनला त्याच्याच सुरात उत्तर देण्यासाठी व्यावसायिक लेखकांना कामाला लावले. जॉन लिली याने ‘पॅप विथ अ हॅचेट’ लिहिले. ‘अ‍ॅन आमंड फॉर अ पॅरट’ ही टॉमस नॅशची कृती मानली जाते. रंगभूमीवर मार्टिनची सोंगे आली. मार्टिनविरोधी लेखनाची संख्या सुमारे वीस भरते. म्हणजे हल्ल्यापेक्षा उत्तराचाच पसारा मोठा झाला. ही योजना बँक्रॉफ्टच्या सल्ल्याने झाली, अशी नोंद व्हिटगिफ्टने पुढे १५९७ मध्ये त्याची शिफारस करताना केलेली आहे. मार्टिनचे तोंड प्रामुख्याने यामुळेच बंद झाले, असेही तो तेथे म्हणतो.

हा दावा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. मार्टिनचे तोंड बंद झाले ते मँचेस्टरजवळच्या धाडीमुळे. भाडोत्री थट्टेने मात्र राज्यकर्त्यांनाच संकोच वाटू लागला. १५८९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रिव्ही कौन्सिलने नाटकांतून धर्म व राज्य यांविषयीचे प्रसंग वगळण्यासाठी तपासणीची व्यवस्था केली. त्यात मार्टिनविरोधी नाटकेही आली. फ्रान्सिस बेकनने त्याच वर्षी लिहिलेल्या टिपणात दोन्ही पक्षांना दोष दिला. धर्माचा विषय तमाशासारखा हाताळणे अनुचित, हे त्याचे म्हणणे मार्टिनला लागू होते तसेच बिशपांच्या लेखकांनाही. ते टिपण हस्तलिखित रूपातच फिरले आणि छापले गेले अर्धशतकानंतर. वाद शांत करण्याचा सल्लाही खासगीतच द्यावा लागला.

५. किंमत

या पुस्तिकायुद्धाचा भार दोन्ही पक्षांवर सारखा पडला नाही. १५९० च्या आरंभी स्टार चेंबरने आश्रय देणाऱ्यांना जबर दंड केले. नाइटलीला २,००० पौंडांचा दंड झाला. विग्स्टन दांपत्यात पत्नीचा दंड १,००० पौंड, तर पतीचा त्याहून पुष्कळ कमी, ५०० मार्क होता. छापखाना तिच्या आग्रहाने घरात आला, असे न्यायपीठाने मानले. यूडलला वेगळ्या पुस्तकासाठी देहान्ताची शिक्षा फर्माविण्यात आली. क्षमा मिळाली, परंतु तुरुंगवासाने खचलेला तो लवकरच मरण पावला. पेन्री स्कॉटलंडला निसटला. १५९२ मध्ये तो परत आला व चर्चपासून विभक्त झालेल्या गटाला मिळाला. २९ मे १५९३ रोजी त्याला फाशी देण्यात आले. त्याच्यावरील आरोपाचा आधार त्याचे खासगी कागद हा होता. मार्टिन-प्रकरण हे आरोपपत्रात नव्हते, तरी न्यायाधीशांच्या मनात ते नव्हते असे म्हणवत नाही. वॉल्डग्रेव्ह मात्र एडिंबरोला पोहोचला आणि सहाव्या जेम्स राजाचा अधिकृत मुद्रक झाला.

मार्टिन कोण, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिला. पेन्रीचे नाव बराच काळ घेतले जाई. पण त्याच्या ज्ञात लेखनाची गंभीर शैली या पुस्तिकांशी जुळत नाही. लीलंड कार्ल्सन याने १९८१ मध्ये केलेल्या विस्तृत तुलनेनंतर जॉब थ्रॉकमॉर्टन हाच प्रमुख लेखक, हे मत बहुतेक अभ्यासकांनी मान्य केले आहे. पार्लमेंटचा हा माजी सभासद अभियोगपत्रातील तांत्रिक दोषामुळे सुटला, आपण मार्टिन नाही असे त्याने शपथेवर सांगितले, आणि तो १६०१ मध्ये मरण पावला. ज्याच्या लेखणीने हे घडविले त्याला शिक्षा झाली नाही. ज्यांनी खिळे जुळविले, ओझी वाहिली आणि दारे उघडली त्यांना झाली.

प्यूरिटन चळवळीलाही ही विनोदबुद्धी महागात पडली. कार्टराइटसारख्या ज्येष्ठांनी मार्टिनच्या शैलीबद्दल प्रथमपासून नापसंती दर्शविली होती. परंतु छापखान्याच्या शोधात झालेल्या झडत्यांत प्रेस्बिटेरियनांच्या गुप्त सभांचे कागद हाती लागले, आणि त्यांवरून कार्टराइट व त्याचे सहकारी यांच्यावर खटले भरण्यात आले. संघटित प्रेस्बिटेरियन चळवळ त्या शतकापुरती मोडली. १५९३ मध्ये रिचर्ड हूकरच्या ‘लॉज ऑफ एक्लेसिअ‍ॅस्टिकल पॉलिटी’चे पहिले चार खंड प्रसिद्ध झाले. त्यांतील शांत, संयत विवेचनाने वादाला पुन्हा विद्वत्तेच्या पातळीवर नेले. पण तोवर प्रतिपक्षाची मुद्रणयंत्रे मोडली गेली होती, हे विसरून चालणार नाही.

६. उत्तरपरिणाम

इ. स. १६४१ मध्ये स्टार चेंबर रद्द झाले आणि मुद्रणावरील नियंत्रण काही काळ ढासळले. पुस्तिकांचा जो पूर आला त्याची कल्पना जॉर्ज टॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याच्या संग्रहावरून येते. १६४० ते १६६१ या काळातील सुमारे २२,००० मुद्रिते त्याने जमविली. या पुरात मार्टिन परत आला. ‘हे एनी वर्क’ पुन्हा छापले गेले. १६४५ मध्ये रिचर्ड ओव्हर्टनने स्वतःला जुन्या मार्टिनचा वंशज म्हणवून ‘मार्टिन मार्प्रीस्ट’ हे नाव घेतले. मात्र या वेळी उपरोधाचा रोख बिशपांवर नव्हता. तो होता सत्तेवर येऊ पाहणाऱ्या प्रेस्बिटेरियनांवर. ज्या व्यवस्थेसाठी पहिल्या मार्टिनने जीव धोक्यात घातला, तिच्याच सक्तीविरुद्ध त्याचे शस्त्र वापरले गेले. पार्लमेंटने १६४३ मध्ये पूर्वपरवानगीची पद्धत पुन्हा आणली होती, आणि तिच्याविरुद्ध मिल्टनने १६४४ मध्ये ‘अ‍ॅरिओपॅजिटिका’ लिहिले. ती पद्धत कायमची संपण्यास १६९५ साल उजाडावे लागले.

यावरून मार्टिनचे स्थान ठरविता येते. त्याला सहिष्णुता अभिप्रेत नव्हती. त्याची व्यवस्था आली असती, तर तीही सर्वांवर बंधनकारक झाली असती. परंतु ‘प्रोटेस्टेशन’मध्ये त्याने एक आव्हान दिले आहे : जाहीर वादाची हमी मिळाल्यास आपण स्वतः प्रकट होऊ, हरलो तर प्राण देऊ, आणि बिशप हरले तरी त्यांच्या जिवाला अपाय होऊ नये. त्या आव्हानाला बिशपांनी उत्तर दिले नाही. जाहीर वाद कधी झाला नाही, तरी एका अर्थाने तो झालाच होता. कूपरने जनतेला उद्देशून ग्रंथ लिहिला तेव्हाच त्याचा आरंभ झाला होता. बिशपांनी माणसे पकडली, यंत्रे जप्त केली, दंड वसूल केले. मात्र उत्तर देण्यासाठी ज्या वाचकाला त्यांनी एकदा हाक दिली, त्याला पुन्हा घरी पाठविणे त्यांच्या अधिकारात राहिले नव्हते.